हटराइटांचा हिस्सा

अमेरिकेच्या मोंटॅना राज्यात जी अंडी तयार होतात ती जवळजवळ सगळी हटराइट पंथाच्या लोकांच्या कोंबड्यांची. डुकरांचंही तेच. राज्यात वाढवल्या जाणाऱ्या दर दहा डुकरांमागे नऊहून अधिक हटराइटांच्या शेडमधली. हे वाचून कुणालाही वाटेल, मोंटॅनात या मंडळींची चांगलीच दाट वस्ती असणार. प्रत्यक्षात तिथे त्यांच्या पन्नासेक कॉलन्या, म्हणजे सामायिक मालकीच्या शेतीवस्त्या, आहेत आणि एका कॉलनीत सरासरी शंभराच्या आतबाहेर माणसं. म्हणजे सगळी मिळून पाच हजारांच्या आसपास. राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १० लाख ८४ हजार होती. भागाकार केला तर अर्धा टक्काही धड भरत नाही.

या समाजाविषयी लिहिताना ‘किती टक्के’ हा प्रश्न म्हणूनच जपून विचारावा लागतो. टक्के कशातले? राज्याच्या लोकसंख्येतले, की गहू-जवसाच्या शेतांत हरवलेल्या एखाद्या तालुकावजा काऊंटीतले? माणसांतले, की अंड्यांतले? छेद बदलला की हटराइट कधी नगण्य ठरतात, कधी गावावर भारी पडतात. त्यांच्याविषयी शेजाऱ्यांची जी कुरकुर शंभर वर्षं चालू आहे, तिचंही मूळ बरंचसं इथेच आहे.

हटराइट हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर युरोपात जे अधिक जहाल गट निघाले, त्यांतल्या काहींचं म्हणणं असं, की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा व्यर्थ आहे. माणसानं जाणत्या वयात स्वतःहून धर्म पत्करला पाहिजे. शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हेही त्यातच आलं. मेनोनाइट आणि आमिश हे याच घराण्यातले. हटराइटांनी एक पाऊल पुढे टाकलं: खाजगी मालमत्ताच नको. १५२८ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकात, हद्दपार झालेल्या एका जथ्यानं वाटेत जमिनीवर अंगरखा अंथरला आणि प्रत्येकानं आपल्याजवळ होतं नव्हतं ते त्यावर टाकलं. तेव्हापासून हे लोक आपल्या सामायिक जीवनाचा आरंभ मोजतात. टिरोलमधला टोप्या बनवणारा याकोब हुटर १५३३ साली त्यांचा पुढारी झाला. तीनच वर्षांत, फेब्रुवारी १५३६ मध्ये, इन्सब्रुकला त्याला जिवंत जाळलं. पंथाला नाव त्याचं लागलं.

पुढची अडीचशे-तीनशे वर्षं म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेतलेली एक लांबलचक वणवण. मोराव्हियात काही दशकं भरभराटीची गेली. त्यांची मातीची भांडी, चाकू-सुऱ्या, वैद्य आणि दाया सरदार-जमीनदारांना हव्या असत. १६२२ साली तिथून हकालपट्टी झाली. मग हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनिया, थोडा काळ वालाखिया आणि १७७० मध्ये रशियन साम्राज्यातलं युक्रेन. वाटेत संख्या इतकी घसरली की पंथ संपतोय असं वाटावं. तेवढ्यात ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया भागातून हाकललेले काही ल्यूथरपंथी त्यांना येऊन मिळाले आणि डाव पुन्हा मांडला गेला. आजही हटराइट घरात जी जर्मन बोली बोलतात तिच्यावर या कॅरिंथियन पाहुण्यांचाच ठसा आहे. रशियात मध्यंतरी सामायिक मालमत्तेची रीतही सुटली होती. १८५९-६० च्या सुमारास ती पुन्हा धरली, पण सगळ्यांनी नाही.

१८७० च्या दशकात रशियानं सक्तीची लष्करभरती आणली आणि पुन्हा गाठोडी बांधली गेली. १८७४ ते १८७९ या काळात साधारण बारा-तेराशे माणसं अमेरिकेच्या डाकोटा मुलखात उतरली. त्यांतल्या बहुतेकांनी सरकारी योजनेतली स्वतंत्र शेतं घेतली आणि हळूहळू ती मेनोनाइट चर्चमध्ये मिसळून गेली. सामायिक जीवन पत्करणारे होते जेमतेम चारशे. ते तीन गटांत राहिले. लोहार असलेल्या पुढाऱ्याचे ते श्मीडेलॉइट, डारियुस वाल्टरचे ते डारियुसलॉइट आणि मास्तरकी करणाऱ्याचे ते लेररलॉइट. मिसूरी नदीकाठची बॉन ओम ही १८७४ ची पहिली कॉलनी आजही साउथ डाकोटात नांदती आहे. आज जगात जे पन्नास हजारांच्या आसपास हटराइट आहेत ते जवळपास सगळे या चारशेंचा वंशविस्तार. आडनावंही तेवढीच उरलीत, जेमतेम पंधरा: होफर, वाल्डनर, वाइप्फ, क्लाइनझासर, ग्रोस, श्टाल, चेटर, वुर्त्स अशी. एकाच कॉलनीत एकाच नाव-आडनावाची चार माणसं निघाली तर त्यात नवल नाही.

डाकोटात त्यांनी सुखानं चाळीस वर्षं काढली. नकाशावर आज ते जिथे दिसतात तिथे मात्र त्यांना पहिल्या महायुद्धानं आणि एका कायद्यानं नेलं.

अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. हटराइट जर्मन बोलणारे, त्यात लढायला नकार देणारे. दोन्ही अंगांनी संशयित. साउथ डाकोटात शेजाऱ्यांनी एका कॉलनीची गुरं-मेंढ्या हाकून नेल्या, विकल्या आणि त्या पैशांतून युद्धकर्जाचे रोखे विकत घेतले. लष्करात ओढून नेलेल्या तिघा होफर भावांनी आणि त्यांच्या एका सोबत्यानं गणवेश चढवायला नकार दिला. कोर्ट मार्शल होऊन त्यांना आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या आल्काट्राझ बेटावरच्या तळघरात आणि मग कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थ तुरुंगात टाकलं. युद्धबंदी झाली ११ नोव्हेंबर १९१८ ला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जोसेफ आणि मायकेल होफर हे दोघे भाऊ तुरुंगातच मेले. जोसेफची बायको शेवटचं तोंड पाहायला गेली तेव्हा, जो गणवेश अंगाला लावायचा नाही म्हणून नवऱ्यानं हे सारं सोसलं होतं, तोच त्याच्या शवावर चढवलेला होता.

ही गोष्ट कॉलन्यांमधून अजून सांगितली जाते. तिचा परिणाम तर तात्काळ झाला: एकटी बॉन ओम सोडली तर जवळजवळ सगळ्यांनीच डाकोटा सोडलं. श्मीडेलॉइट कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगच्या पश्चिमेला एली गावाच्या परिसरात गेले, बाकीचे दोन गट दक्षिण अल्बर्टात. कॅनडाला प्रेअरीच्या गवताळ माळावर शेतकरी हवे होते, आणि लष्करी सेवेतून सूट मिळेल अशी आशा होती. पण युद्धावरून परतलेल्या सैनिकांना हे नवे शेजारी खपेनात. १९१९ साली कॅनडानंही हटराइट, मेनोनाइट आणि दुखोबोर या पंथांना दार बंद केलं. हटराइट-मेनोनाइटांसाठी ते उघडलं १९२२ मध्ये. महामंदीत ओस पडलेली शेतं पाहून साउथ डाकोटाचं मन वळलं आणि १९३० च्या दशकात काही श्मीडेलॉइट तिथे परतले. त्यामुळे आज त्यांचा गट सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

दुसऱ्या महायुद्धात तेच नाटक अल्बर्टात झालं, पण या वेळी पद्धत कायदेशीर होती. १९४२ साली प्रांतानं कायदाच केला, की शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना आणि हटराइटांना जमीन विकायची नाही. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, तो ‘सामुदायिक मालमत्ता कायद्या’च्या रूपात कायम झाला: एका कॉलनीकडे ६,४०० एकरांहून अधिक जमीन नको आणि नवी कॉलनी आधीच्या कॉलनीपासून किमान ४० मैल दूर हवी. हेतू उघड होता. हे लोक एका जागी गोळा होऊन एखाद्या तालुक्याचा ताबा घेतील, ही भीती होती. दक्षिण अल्बर्टात लेथब्रिज, कार्डस्टन, रेमंड या पट्ट्यात त्यांची वस्ती आधीच लक्षात येण्याजोगी होती.

नकाशावर हा कायदा आजही वाचता येतो. दक्षिणेत जागा मिळेना म्हणून नव्या कॉलन्या अल्बर्टाच्या मध्य आणि उत्तर भागात पसरल्या. काहींनी दक्षिणेची सीमा ओलांडून मोंटॅना गाठलं, काहींनी १९५० च्या दशकात पूर्वेला सस्कॅचेवानमध्ये जमिनी घेतल्या. एका प्रांताला नको झालेली लोकसंख्या शेजारच्या दोन मुलखांत वसली. मोंटॅनाची ती अंडी बऱ्याच अंशी अल्बर्टाच्या आमदारांची कृपा म्हणायची. कायदा रद्द झाला १९७३ मध्ये, प्रांतानं मानवी हक्कांचा कायदा केल्यावर. ज्या धोक्यासाठी तो केला तो, म्हणजे एखादा तालुका बळकावला जाण्याचा, प्रत्यक्षात कधी आलाच नव्हता. हटराइट सहसा निवडणूक लढवत नाहीत आणि सार्वजनिक पद घेत नाहीत.

आता अलीकडचे आकडे. कॅनडाच्या २०१६ च्या जनगणनेत ३७० हटराइट कॉलन्यांमध्ये सुमारे ३५ हजार माणसं मोजली गेली. त्यांतली निम्म्याच्या जरा आत अल्बर्टात, जवळपास एक तृतीयांश मॅनिटोबात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक सस्कॅचेवानमध्ये. ब्रिटिश कोलंबियात नावापुरती. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक: मोंटॅना आणि साउथ डाकोटा ही दोन मोठी ठाणी, मग मिनेसोटा, नॉर्थ डाकोटा, वॉशिंग्टन राज्य आणि ऑरेगनमध्ये तुरळक. युरोपात, जिथे हा पंथ जन्मला तिथे, डाकोटात उतरलेल्या त्या चारशेंच्या वंशजांची एकही कॉलनी नाही. जपानमध्ये मात्र एक चिमुकली कॉलनी उभी राहिली, तीही जपानी माणसांनी पुस्तकांतून हटराइटांची ओळख झाल्यावर स्वतःच सुरू केलेली.

अख्ख्या कॅनडाच्या हिशेबात हे लोक हजारात एक. प्रांतवार पाहिलं तर अल्बर्टात ०.४ टक्के, सस्कॅचेवानमध्ये ०.६ टक्के, मॅनिटोबात ०.९ टक्के. माणसांची संख्या अल्बर्टात जास्त असूनही टक्का मॅनिटोबात मोठा, कारण मॅनिटोबाची लोकसंख्याच अल्बर्टाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. शिवाय मॅनिटोबातले निम्म्याहून अधिक लोक एकट्या विनिपेग शहरात राहतात. ते शहर बाजूला काढलं तर हटराइटांचा हिस्सा एकदम दोन टक्क्यांवर जातो.

आणखी खाली उतरलं की चित्र पालटतं. कॅनडाच्या सीमेला टेकलेली मोंटॅनाची लिबर्टी काऊंटी घ्या. चेस्टर हे तिथलं मुख्य गाव. क्षेत्रफळ पावणेचार हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०१० मध्ये २,३३९ आणि २०२० मध्ये १,९५९. या काऊंटीत ईगल क्रीक, रिव्हरव्ह्यू, सेज क्रीक या हटराइट कॉलन्या आहेत. सरासरी आकार लावून पाहिलं तर साधारण सात माणसांमागे एक हटराइट. मुलांपुरतं बोलायचं तर प्रमाण याहून जास्त भरणार, कारण कॉलनीत मुलं अधिक आणि बाकीच्या काऊंटीत म्हातारी माणसं अधिक. अल्बर्टातल्या वॉर्नर, कार्डस्टन, स्टारलँड काऊंट्या, साउथ डाकोटातल्या हचिन्सन, फॉक, स्पिंक या काऊंट्या, मोंटॅनातल्या ज्युडिथ बेसिन आणि व्हीटलँड काऊंट्या, सगळीकडे कमीअधिक हाच प्रकार.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टक्का दोन कारणांनी वाढतो: अंश वाढला म्हणून किंवा छेद आटला म्हणून. प्रेअरीवर दोन्ही घडलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे कंपन्यांनी आणि सरकारांनी जाहिराती करकरून जी कुटुंबं या कोरड्या माळावर आणून वसवली, त्यांची मुलंनातवंडं शहरात गेली. ट्रॅक्टर मोठे झाले, शेतं मोठी झाली, एका शेतकऱ्याला हजारो एकर एकट्यानं कसता येऊ लागले. गावातली शाळा, दुकान, चर्च एकामागून एक बंद झालं. त्याच माळावर हटराइट मात्र शंभर माणसं एका ठिकाणी ठेवून शेती करतात. लिबर्टीसारख्या काऊंटीत ते ‘वाढले’ असं लोक म्हणतात. बाकीचे घटले हे म्हणायला जीभ वळत नाही.

त्यांची मोजदाद करणं हेही एक प्रकरणच आहे. कॅनडाच्या जनगणनेत धर्म विचारला जातो, आणि वसतिगृहं, वृद्धाश्रम यांच्या जोडीला ‘हटराइट कॉलनी’ हा सामूहिक निवासाचा वेगळा प्रकारच मानलेला आहे. त्यामुळे आकडे मिळतात. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत. घरी जर्मन बोलणाऱ्यांच्या रकान्यावरून, नाहीतर कॉलन्यांच्या यादीवरून अंदाज बांधावा लागतो. २०२० च्या जनगणनेत मोंटॅना आणि साउथ डाकोटातल्या बऱ्याच कॉलन्या स्वतंत्र ठिकाण म्हणून नोंदल्या गेल्या, त्यानं काम थोडं सोपं झालं. दरडोई उत्पन्नाचे आकडे मात्र अशा काऊंट्यांत डोळे मिटून घेऊ नयेत. कॉलनीतल्या कुणालाच पगार नाही, कुणाच्याही नावावर घर नाही, जमीन नाही. कागदावर निष्कांचन दिसणारी ही माणसं उपग्रहानं दिशा धरणारे कम्बाइन हार्वेस्टर चालवतात.

आमिशांच्या घोडागाड्या पाहून हटराइटांची कल्पना करणारे इथेच फसतात. हटराइटांचा आक्षेप यंत्राला नाही, मालकीला आहे. कॉलनीचा ट्रक चालेल, माझा ट्रक चालणार नाही. लांबून पाहिलं तर कॉलनी म्हणजे माळावर एकाला एक लागून असलेली बैठी घरं, मधोमध भोजनगृह आणि पलीकडे गोठे, खुराडी, धान्याच्या चकचकीत कोठ्या, वर्कशॉप. घरात पुरतं स्वयंपाकघर नसतं, त्याची गरजच पडत नाही. घंटा झाली की सगळे भोजनगृहात येतात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, वयाच्या क्रमानं. मुलांची पंगत वेगळी. प्रार्थना, मग जेवण, आणि जेवताना फारशा गप्पा नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत ताटं रिकामी आणि पुन्हा प्रार्थना. स्वयंपाकाच्या, भाकरी भाजण्याच्या पाळ्या बायकांमध्ये आठवड्यानं फिरतात. कारभार पुरुषांकडे: धर्मोपदेशक, जमाखर्च सांभाळणारा कारभारी, शेतीचा मुकादम, जर्मन शाळेचा मास्तर. मत द्यायचा हक्क बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांनाच. बाप्तिस्माही विशी गाठताना किंवा त्यानंतर. मला या समाजाच्या समतेच्या गोष्टी वाचताना मताच्या हक्काची ही अट नेहमी खुपते; संपत्ती सगळ्यांची, पण ती कुठे घालायची हे ठरवणारे अर्धेच.

संख्या वाढते कशी, या प्रश्नानं लोकसंख्याशास्त्रज्ञांना एकेकाळी झपाटलं होतं. जोसेफ ईटन आणि आल्बर्ट मेयर या दोघांनी १९५० च्या दशकात हटराइटांच्या नोंदी तपासल्या. १८८० मध्ये ४४३ माणसं. १९५० मध्ये ८,५४२. बाहेरून येऊन मिळालेले जवळजवळ कुणी नाहीत. पाळणा हलता राहिला, एवढंच. मूल होण्याचं वय उलटलेल्या बाईमागे सरासरी दहाहून अधिक मुलं आणि वाढीचा वेग वर्षाला चार टक्क्यांच्या वर. संततिनियमन धर्मानं वर्ज्य, पण आधुनिक डॉक्टर वर्ज्य नाहीत, आणि मूल वाढवण्याचा खर्च आईबापांच्या अंगावर नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतं याचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेलं. माणसानं काहीच आवर घातला नाही तर जननदर कुठवर जाऊ शकतो याचं माप म्हणून अभ्यासक आजही हटराइट बायकांचेच आकडे लावतात.

तो वेग टिकला असता तर २०१६ साली हटराइट लाखाच्या बऱ्याच पुढे असते. आहेत निम्म्याहूनही कमी. लग्नं उशिरा होऊ लागली, दहा मुलांच्या जागी पाच-सहा आणि मग त्याहून कमी मुलं दिसू लागली, तरुण मंडळी कॉलनी सोडून बाहेर नोकरीला जाऊ लागली. गेलेल्यांतले काही वर्षा-दोन वर्षांनी परततात, बरेच परतत नाहीत. जाणाऱ्याला मालमत्तेचा वाटा मिळत नाही. काढून टाकलेल्या काही सदस्यांनी तो मागून पाहिला, पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७० साली निकाल दिला तो कॉलनीच्या बाजूनं.

माणसं वाढली की कॉलनी फुटते, आणि ही फूट हा त्यांच्या भूगोलाचा खरा कारखाना आहे. आपल्याकडे भावकीत वाटणी होते ती भांडणानं आणि बांधावरून. हटराइटांची वाटणी दहा-दहा वर्षं आधी ठरलेली असते. कॉलनीत सव्वाशे-दीडशे माणसं झाली की सगळ्यांना पुरेल असं काम उरत नाही. जाणत्या पुरुषाला जबाबदारीची जागा मिळाली नाही की कुरबुरी सुरू होतात, हे त्यांना शतकांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक आहे. म्हणून आधीच पैसा साठवून दुसरीकडे जमीन घ्यायची, तिथे घरं, गोठे, भोजनगृह बांधत राहायचं. मग कुटुंबांच्या दोन याद्या करायच्या, माणसं, वयं, कसब यांचा तोल सांभाळून. जुन्या रीतीत कोणती यादी जाणार हे शेवटच्या रात्रीपर्यंत कुणालाच माहीत नसे. दोन्हीकडच्या घरांनी सामान बांधून ठेवायचं, रात्री देवाचं नाव घेऊन चिठ्ठी टाकायची, आणि ज्यांचं नाव निघेल त्यांनी सकाळी निघायचं. उरलेल्यांनी आपली गाठोडी सोडायची. आता बऱ्याच ठिकाणी हे इतकं नाट्यमय राहिलेलं नाही. काही माणसं वर्षभर आधीपासून नव्या जागी ये-जा करतात, कुटुंबांनाही निवडीला वाव असतो. मालमत्तेची आणि कर्जाची वाटणी मात्र अजूनही निम्मी-निम्मी करायचा प्रयत्न असतो.

एक कॉलनी पंधरा-वीस वर्षांत दोन व्हायची. कुटुंबं लहान झाल्यावर हे अंतर लांबलं. शिवाय जमिनीचे भाव असे चढलेत की नवी कॉलनी उभी करायची म्हणजे कोट्यवधी डॉलरांचा मामला. त्यामुळे अनेक कॉलन्या आता शेतीच्या जोडीला कारखानदारी करतात: छताचे पत्रे, इमारतीचे सांगाडे, गोठ्यांची यंत्रसामग्री, लाकडी फर्निचर. मॅनिटोबात हे विशेष दिसतं.

शेजाऱ्यांची तक्रारही याच व्यवहाराशी बांधलेली आहे. शंभर माणसांचा एकत्र पैसा घेऊन कॉलनी जमिनीच्या लिलावात उतरली की एकट्या तरुण शेतकऱ्याचा टिकाव लागत नाही, हे खरंच आहे. गावच्या दुकानातून पीठ-साखर न घेता ते शहरातून घाऊक माल आणतात, हेही बऱ्याच अंशी खरं. कर भरत नाहीत ही अफवा मात्र दर पिढीत नव्यानं उगवते. ते कर भरतात. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे सामुदायिक मालमत्तेच्या संस्थांसाठी आयकर कायद्यात स्वतंत्र कलमं आहेत, आणि अमेरिकेतलं तर १९३६ सालापासून आहे. उलट, पशुवैद्य, यंत्रांचे विक्रेते, धान्याच्या कोठारांचे चालक यांना विचारलं तर तालुक्यातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणून ते कॉलनीकडेच बोट दाखवतील.

अल्पसंख्य असणं म्हणजे नेमकं काय, याचा एक धडा अल्बर्टातल्या विल्सन कॉलनीच्या खटल्यात मिळतो. काही हटराइट फोटो काढून घेणं मूर्तिपूजेविरुद्धच्या आज्ञेचा भंग मानतात. अल्बर्टा त्यांना बिनफोटोचा वाहन परवाना देत असे. २००३ मध्ये प्रांतानं सर्वांना फोटो सक्तीचा केला, ओळखीची चोरी रोखायची म्हणून. लाखो परवानाधारकांत बिनफोटोचे होते फक्त ४५३, आणि त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक हटराइट. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ साली चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल सरकारच्या बाजूनं लागला. अडीचशे माणसांसाठी नियमाला अपवाद केला तर काय बिघडणार होतं, हा प्रश्न विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाच. मला त्यांचं पटतं. दूध-अंडी शहरात पोहोचवायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, तर गाडी चालवणारा कुणीतरी कॉलनीत हवाच. बाहेरचा चालक ठेवा हा सल्ला, स्वावलंबनावर उभ्या असलेल्या समाजाला, फुकटचा आहे.

या लोकांत वैद्यकशास्त्रालाही रस आहे. मूळ पूर्वज मोजके, वंशावळी काटेकोर, खाणं-राहणं सगळ्यांचं एकसारखं; त्यामुळे आनुवंशिक आजारांचा अभ्यास करायला हा समाज सोयीचा पडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साउथ डाकोटाची हटराइट मुलं आणि इंडियानाची आमिश मुलं यांची तुलना केली. दोन्ही समाज जवळच्या वंशाचे, दोन्ही दूधदुभत्यावर वाढलेले. आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, हटराइटांमध्ये एकवीस टक्क्यांच्या वर. फरक सापडला घरातल्या धुळीत. आमिशांचा गोठा घराला लागून, मुलं दिवसभर त्यात लुडबुडणारी. हटराइटांचे मोठे यांत्रिक गोठे वस्तीपासून दूर, लहान मुलांना तिथे मज्जाव. आमिश घरांतली जंतूंनी भरलेली धूळ मुलांची प्रतिकारशक्ती घडवत असावी, असा निष्कर्ष निघाला. उंदरांवर प्रयोग केला तेव्हा आमिश धुळीनं त्यांना दम्यासारख्या लक्षणांपासून वाचवलं, हटराइट धुळीनं वाचवलं नाही.

पुढच्या काळात हे लोक कुठे दिसतील? डारियुसलॉइट पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकत आलेत, ब्रिटिश कोलंबियाच्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत आणि वॉशिंग्टन राज्याच्या कोरडवाहू पट्ट्यापर्यंत. लेररलॉइट दक्षिण अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मोंटॅना सोडून फारसे हललेले नाहीत. श्मीडेलॉइट संख्येनं सर्वांत मोठे, पण १९९२ मध्ये त्यांच्यातच दोन तट पडले. तेव्हापासून मॅनिटोबात शेजारशेजारच्या कॉलन्यांतही शिक्षणाविषयी, बाहेरच्यांशी संबंधांविषयी वेगवेगळी धोरणं दिसतात. काही कॉलन्या आपली मुलं विद्यापीठात पाठवून शिक्षक करून परत आणतात, काहींना आठवीपुढची शाळाच नको वाटते. जन्मदर उतरत असला तरी आसपासच्या गावांची ओहोटी त्याहून वेगवान आहे. तेव्हा राज्याच्या तक्त्यात हटराइट दशांश चिन्हाच्या उजवीकडेच राहतील आणि लिबर्टीसारख्या काऊंट्यांत त्यांचा टक्का पुढच्या जनगणनेतही चढलेलाच दिसेल.